नागपूरमधील राष्ट्रीय महामार्ग 44: सुधारणांनंतर खड्डा कोणाचा?

राष्ट्रीय महामार्ग 44 म्हणजे नागपूरकरांचा जुना सात नंबर. खवासा सीमेवरून तो महाराष्ट्रात शिरतो, देवलापार, मनसर, कन्हान, कामठी करत शहरापाशी येतो आणि बुटीबोरी, बोरखेडी ओलांडून वर्धा जिल्ह्यात उतरतो. शहराजवळ त्याला दोन वाटा फुटतात. जुनी वाट कामठी रोड, ऑटोमोटिव्ह चौक, झिरो माइल, सीताबर्डी आणि वर्धा रोड अशी गावातून जाते. दुसरी वाट म्हणजे पूर्वेकडून वळसा घालणारा बायपास. गाडीतल्या माणसाला दोन्हीकडे सलग रस्ता दिसतो. कागदावर मात्र या सलग रस्त्याचे तुकडे आहेत. कुठे टोल घेणारा सवलतधारक, म्हणजे करारावर रस्ता चालवणारी कंपनी, जबाबदार असतो, कुठे केंद्राचे प्राधिकरण, कुठे राज्याचे बांधकाम खाते, तर कुठे महापालिका.

हे प्रकरण एकाच प्रश्नापुरते तपासले आहे. या रस्त्यावर खड्डा पडला की तो बुजवणाऱ्यापर्यंत कसा पोहोचतो, 1988 नंतरच्या सुधारणांनी हा मार्ग कसा बदलला आणि तो नेमका कुठे तुटतो?

जुनी घडी

डिसेंबर 1943 मध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरातच भरली होती. 1943 ते 1963 या 20 वर्षांची रस्ते योजना तिथे आखली गेली आणि ती आजही नागपूर योजना म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही आजही चालणारी उतरंड या योजनेची देणगी. 1 एप्रिल 1947 पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्राने उचलला आणि 1956 च्या कायद्याने त्यांची मालकी केंद्राकडे गेली. प्रत्यक्ष काम मात्र राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा करत राहिली.

त्या पद्धतीत ठरावीक लांबीमागे मैलमजुरांची टोळी असे, तिच्यावर शाखा अभियंता, त्याच्यावर उपअभियंता. पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करायच्या, साइडपट्ट्यांचा मुरूम सारखा करायचा, नाल्या उपसायच्या. पैसा वार्षिक अनुदानातून येई आणि बहुतेक वेळा उशिरा येई. मोठे डांबरीकरण वर्षानुवर्षे लांबत असे. खडबडीतपणा मोजायची सक्ती नव्हती आणि दिरंगाईला दंडही नव्हता. पण टोळीतला माणूस रस्त्याकडेने पायी फिरत असे, म्हणून कोणत्या मोरीच्या तोंडात गाळ बसला आहे हे त्याला ठाऊक असायचे. ही गोष्ट पुढच्या सगळ्या सुधारणांत मागे पडली. तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

कायदे बदलले, हात बदलले

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा कायदा 1988 चा, पण प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागले ते 1995 मध्ये. त्याच वर्षी 1956 च्या कायद्यात कलम 8ए घातले गेले. खासगी व्यक्तीशी करार करून तिला महामार्ग बांधायला, सांभाळायला आणि शुल्क घ्यायला देण्याचा अधिकार केंद्राला त्यातून मिळाला. 2000 च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने पेट्रोल-डिझेलवरच्या उपकराला कायद्याचा आधार दिला. 2002 च्या कायद्याने महामार्गाच्या जमिनीवरचे अतिक्रमण काढण्याचे आणि रस्त्याला जोड देण्याचे अधिकार महामार्ग प्रशासनाकडे आले. 2008 च्या शुल्क नियमांनी टोलचे दर देशभर एका सूत्रात बांधले.

नागपूरच्या दृष्टीने यातला कळीचा दस्तऐवज म्हणजे प्राधिकरण कायद्याच्या कलम 11 खाली निघणारी अधिसूचना. कोणता किलोमीटर प्राधिकरणाकडे सोपवला हे तिच्यात लिहिलेले असते. ती निघाली नसेल तर तो तुकडा बांधकाम विभागाच्या महामार्ग शाखेकडेच राहतो, शेजारच्या टोलनाक्यावर कितीही तक्रारी दिल्या तरी.

शहराच्या उत्तरेचा भाग, कामठी-कन्हान आणि नागपूर बायपास मिळून सुमारे 117 किलोमीटर लांबी 27 वर्षांच्या बीओटी (बांधा, चालवा, परत करा) टोल करारात गेली. यातला एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. नागपूरच्या दक्षिणेकडे आधीच चौपदरी झालेला सुमारे 22 किलोमीटरचा भाग याच करारात फक्त देखभालीसाठी आहे. बांधला एकाने आणि जपायचा दुसऱ्याने. पायातला थर कसा घातला, पाणी कुठून निघते याचे ज्ञान बांधणाऱ्याबरोबर निघून जाते आणि जपणाऱ्याला वरच्या डांबरावरून आतला रोग ओळखावा लागतो.

शेजारचे मार्ग वेगळ्या साच्यांत आहेत. सावनेरवरून बैतूलकडे जाणारा रस्ता ॲन्युइटीवर झाला. तिथे वाहतूक कमी-जास्त झाली तरी सवलतधारकाला सरकारकडून ठरलेला हप्ता मिळतो. शहराबाहेरच्या नव्या रिंगरोडला हायब्रिड ॲन्युइटी लागू आहे. 2016 मध्ये आलेल्या या पद्धतीत प्रकल्प खर्चाचे 40 टक्के बांधकामादरम्यान मिळतात, उरलेले 60 टक्के पुढच्या 15 वर्षांत व्याजासह हप्त्याने मिळतात आणि टोल प्राधिकरण स्वतः गोळा करते. वर्धा रोडवरचा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल आणि कामठी रोडवरचा 5.67 किलोमीटरचा पूल महामेट्रोने बांधले. त्यातल्या महामार्गाच्या मजल्याचा पैसा प्राधिकरणाचा. एकाच शहराभोवती इतके साचे असल्याने तुलना करायला नागपूर फार सोयीचे आहे. पाऊस तोच, काळी माती तीच, ट्रकही बहुधा तेच.

एका खड्ड्याचा प्रवास

नियोजन आयोगाच्या नमुना सवलत करारात दुरुस्तीच्या मुदतींचे एक परिशिष्ट असते. रस्त्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवे. खड्डा असेल तर 48 तास. 1 किलोमीटरच्या पट्ट्यात 5 टक्क्यांहून जास्त पृष्ठभागावर भेगा असतील तर 30 दिवस. चाकांच्या पट्ट्यात 10 मिलिमीटरहून खोल चाकोऱ्या 2 टक्क्यांहून जास्त भागावर पडल्या तर तेही 30 दिवस. डांबराची कड 10 सेंटिमीटरहून जास्त तुटली तर 15 दिवस. साइडपट्टी डांबरापेक्षा 40 मिलिमीटरहून खाली गेली तर 7 दिवस, आणि नाली किंवा मोरी गाळाने भरली तरी 7 दिवस. रस्त्यावर राडारोडा पडला तर 6 तास. रस्ता तुटून वाहतूक बंद पडली तर 24 तासांत तात्पुरती वाट आणि 15 दिवसांत कायमची दुरुस्ती.

आता जुलैच्या मध्याची स्थिती घ्या. बायपासच्या डाव्या मार्गिकेत एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 75 मिलिमीटर खोल खड्डा पडला आहे. गस्तीच्या गाडीने तो नोंदवला किंवा कोणी 1033 या महामार्ग हेल्पलाइनवर कळवला. 48 तास कधीपासून मोजायचे हे त्या नोंदीवर ठरते, म्हणून तक्रार करणाऱ्याने वेळ, दिशा आणि जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा सांगितलाच पाहिजे. नुसते "बायपासवर खड्डा" म्हटले तर ती नोंद कोणत्याच मुदतीला बांधली जात नाही. दगडाच्या आकड्यातही एक अडचण आहे. 2010 मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि सातचा 44 झाला, पण त्या सुमाराचे करार जुन्या क्रमांकाच्या आणि जुन्या किलोमीटरच्या भाषेत लिहिलेले आहेत. तक्रार एका मोजणीत आणि करार दुसऱ्या मोजणीत असला की "ही लांबी आमच्या हद्दीत येत नाही" असे उत्तर सहज देता येते.

खड्डा नीट बुजवायचा तर कडा पक्क्या डांबरापर्यंत चौकोनी कापाव्या लागतात, उभ्या. आतले पाणी, माती आणि सुटी खडी पूर्ण काढायची. तळाला आणि चारही कडांना इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा, हात द्यायचा, प्रति चौरस मीटर 0.25 ते 0.3 किलो. त्याहून जास्त ओतले तर पॅच घसरतो, कमी पडले तर तो चिकटत नाही. मग मिश्रण दोन थरांत भरून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा छोट्या रोलरने दाबायचा आणि वरची पातळी भोवतीच्या रस्त्यापेक्षा 3 ते 6 मिलिमीटर उंच ठेवायची, कारण वाहतुकीखाली तो आणखी बसतो. एवढ्या खड्ड्याला साधारण 170 किलो मिश्रण लागते. पावसात गरम मिश्रण वापरण्यात अर्थ नाही. प्लांटवरून निघालेला माल वाटेत थंड होतो आणि ओल्या तळावर बसत नाही. त्यासाठी तयार थंड मिश्रण असते, भारतीय रस्ते काँग्रेसची 116 क्रमांकाची संहिता त्यावरच आहे. 25 किलोच्या सात पिशव्यांत हा खड्डा भरतो.

प्रत्यक्षात बिघडते ते असे. मजूर कडा न कापता गोल खड्ड्यात माल ओततात. पाणी उपसले जात नाही. दाबायला रोलर नसतो, तेव्हा ट्रकचे चाक फिरवतात. काही ठिकाणी मुरूम किंवा पेव्हर ब्लॉक टाकतात. चार दिवसांत तो पुन्हा उघडतो, पण वहीत आधीचा खड्डा 48 तासांत बंद झालेला असतो आणि नवा खड्डा नवी नोंद म्हणून येतो. करार पाळला गेला, रस्ता मात्र आहे तसाच राहिला. म्हणून करारावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याने मुदतीसोबत पुनरावृत्ती मोजायला हवी. त्याच ठिकाणी एका पावसाळ्यात तिसऱ्यांदा खड्डा पडला तर दोष खाली आहे हे नक्की. तिथे पॅच थांबवून थर उघडावा आणि पाणी कुठून येते ते शोधावे.

सरासरीत लपलेले शंभर मीटर

खडबडीतपणा मोजण्याची सक्ती हा सुधारणांचा खरा लाभ आहे. बंप इंटिग्रेटर या हादरे मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा 1 किलोमीटरच्या पट्ट्यात 2,750 मिलिमीटरच्या वर गेला की 180 दिवसांत दुरुस्ती करावी लागते. आता लेझर लावलेली सर्वेक्षण गाडी दर सहा महिन्यांनी फिरते आणि तिची माहिती प्राधिकरणाच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या डेटा लेक या ऑनलाइन प्रणालीवर चढते. ड्रोनचे चित्रीकरण दरमहा होते. पूर्वी हे काहीच नव्हते.

पण किलोमीटरची सरासरी फसवते. 900 मीटर रस्ता 2,300 चा आणि उरलेले 100 मीटर तब्बल 6,000 चे असतील तर सरासरी 2,670 येते. म्हणजे करारानुसार रस्ता पास. त्या शंभर मीटरवर दुचाकीस्वार पडतो, तरी अहवालात एकही दोष नसतो. हे शंभर मीटर सहसा पुलाच्या जोडरस्त्यावर, टोलनाक्याआधी ब्रेक लागतात तिथे किंवा भुयारी मार्गाच्या चढणीवर सापडतात. सर्वेक्षण गाडी दर 100 मीटरचा आकडा देऊ शकते, मग स्वतंत्र अभियंत्याने मासिक अहवालात तोच छापावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

दंड पुरेसा आहे का?

नमुना करारात विलंबाचा दररोजचा दंड दोन आकड्यांपैकी जो मोठा तो असतो: सरासरी दैनिक टोलच्या 0.5 टक्के किंवा दुरुस्तीच्या अंदाजित खर्चाच्या 0.1 टक्के. उदाहरणासाठी दैनिक टोल 20 लाख रुपये धरू. त्याचे 0.5 टक्के म्हणजे 10,000 रुपये. खड्ड्यांच्या छोट्या कामाला हाच दंड लागू पडतो आणि कामापेक्षा तो महाग ठरतो. आता 60 कोटींच्या डांबराच्या नव्या थराला उशीर झाला असे धरा. 0.1 टक्क्याने रोजचे 6 लाख होतात. 60 कोटींवर दहा टक्क्यांनी वाचणारे व्याज रोज सुमारे 1 लाख 64 हजार. म्हणजे काम लांबवून फायदा होऊ नये इतका दंड लिहिणाऱ्याने ठेवला आहे. त्याउपर सवलतधारकाने काम केलेच नाही तर प्राधिकरण त्याच्या खर्चाने ते करून घेऊ शकते आणि वर खर्चाच्या 20 टक्के वसूल करू शकते.

तरीही थर लांबतात. कारण दंडाचे घड्याळ सुरू होते ते स्वतंत्र अभियंत्याच्या निरीक्षण अहवालापासून. अहवालात दोष लिहिला गेला तरच तारीख ठरते. या अभियंत्याची फी प्राधिकरण देते आणि तिचा निम्मा भाग सवलतधारकाकडून घेते. तो दोघांपासून सारख्याच अंतरावर राहावा अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात अहवालाची भाषा सौम्य होत जाते. "काही ठिकाणी किरकोळ भेगा" असे वाक्य आले की ना टक्केवारी, ना किलोमीटर, ना मुदत. आमच्या मते महामार्ग सुधारणांतला सगळ्यात कमकुवत टप्पा हाच आहे, आणि तो पैशाअभावी कमकुवत नाही.

पैशाचा क्रमही बघण्यासारखा आहे. टोलचा सगळा पैसा एस्क्रो या बँकेच्या ताब्यातल्या खात्यात जातो आणि तिथून ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतो. कर आणि रोजची देखभाल कर्जाच्या हप्त्याआधी येतात, हे चांगले. पण पाच-सात वर्षांनी लागणाऱ्या मोठ्या थरासाठीची गंगाजळी कर्जदात्यांच्या अटींतून ठरते आणि क्रमात हप्त्याच्या खाली असते. वाहतूक अपेक्षेहून कमी राहिली की हीच गंगाजळी आधी आटते. त्या थराचे माप किती? चौपदरी रस्त्याची दोन्ही बाजूंची मिळून डांबरी रुंदी साधारण 17.5 मीटर. 40 मिलिमीटर जाडीला प्रति किलोमीटर 700 घनमीटर, म्हणजे जवळपास 1,680 टन मिश्रण आणि त्यात 90 टनांच्या आसपास डांबर. ताशी 160 टनांचा प्लांट दहा तास अखंड चालला तर दिवसाला जेमतेम एक किलोमीटर होतो. विदर्भात हे काम ऑक्टोबरअखेर ते मेअखेर याच काळात करता येते. निविदा, वित्त, खडीचा साठा यांतून जानेवारी उजाडला तर शंभर किलोमीटर त्या हंगामात पूर्ण होणे कठीण.

शुल्क नियमांतही सुधारणेची एक बाजू आहे. 2007-08 चा मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे 65 पैसे होता आणि दोन-एक्सल ट्रकला 2 रुपये 20 पैसे. त्यात दरवर्षी 3 टक्के, चक्रवाढ न करता, आणि घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या 40 टक्के अशी भर पडते. म्हणजे उत्पन्न महागाईच्या मागे राहू शकते, पण डांबराचा भाव तसा राहत नाही. 16 फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर खुमारी आणि बोरखेडीच्या नाक्यावरून किती वाहने गेली हा वाद मात्र मिटला. दंड ज्या सरासरी दैनिक टोलवर मोजायचा, तो आकडा आता लपत नाही.

दुसऱ्या खात्याचा निर्णय, या रस्त्याचे ओझे

जुलै 2018 मध्ये केंद्राने ट्रकचा अनुज्ञेय एक्सल भार वाढवला. चार चाकांच्या एका एक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5 टन, दुहेरी एक्सलला 19 ऐवजी 21 टन. मालवाहतुकीसाठी निर्णय सोयीचा होता. पण रस्त्याचे नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 11.5 ला 10.2 ने भागून चौथा घात घेतला की 1.6 येते. पूर्ण भरलेला तोच एक्सल आता सुमारे 60 टक्के जास्त इजा करतो. 2009-10 च्या सुमारास आखलेल्या रस्त्यांची जाडी जुन्या भारावर बेतलेली आहे. नागपूरभोवती कोळसा, राख, रेती आणि सिमेंटची वाहतूक मोठी. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे, उमरेड-कामठीच्या खाणी, बुटीबोरीची एमआयडीसी या सगळ्यांचे ट्रक याच जाळ्यावर येतात. मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, डांबर मऊ होते, डाव्या मार्गिकेत चाकोऱ्या उमटतात आणि जूनमध्ये त्याच चाकोऱ्यांत पाणी साचते. अशा वेळी दोन्ही मार्गिकांवर सारखा थर देण्यापेक्षा डाव्या मार्गिकेतला जुना थर खरवडून तिथे कडक दर्जाचे डांबर वापरणे स्वस्त पडते. करारात "पृष्ठभागाचा थर" एवढेच लिहिलेले असले की हा सारासार विचार कोणी करत नाही.

काळी माती

नागपूरच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला कापसाची काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि हिवाळा-उन्हाळ्यात आकसते. भिजल्यावर तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, 2-3 पर्यंत खाली येतो, तर महामार्गाच्या वरच्या 500 मिलिमीटर भरावाला साधारण 8 किंवा जास्त लागतो. म्हणून ही माती काढून मुरूम भरतात किंवा चुन्याने स्थिर करतात. इथली खास भेग आडवी नसते. ती रस्त्याच्या लांबीने, कडेपासून एक-दीड मीटर आत धावते, आणि जुन्या दुपदरीला नवी रुंदी जोडली आहे त्या सांध्यावरही उमटते. कारण बहुतेक वेळा साइडपट्टीतून मुरणारे पाणी. खडीचा निचरा थर भरावाच्या उतारापर्यंत नेलेला नसतो, मध्येच मातीने कोंडलेला असतो. पाणी आत अडकते, माती फुगते, मग डिसेंबरपासून आकसते आणि वरचे डांबर चिरते. अशा भेगेत नुसते डांबर ओतले की पुढच्या वर्षी ती शेजारी उघडते. साइडपट्टी उघडून निचरा थराला वाट करून द्यावी लागते. काम कष्टाचे, पण दरवर्षीच्या भेगा भरण्यापेक्षा ते टिकते. आणि इथेच मैलमजुराची आठवण येते, कारण बंद झालेला निचरा ताशी 60 च्या वेगाने जाणाऱ्या गस्ती गाडीतून दिसत नाही.

सांधे

करारांच्या आत रस्ता बऱ्यापैकी सांभाळला जातो. दोन करार किंवा दोन यंत्रणा जिथे भिडतात तिथे तो निराधार होतो.

पहिला सांधा शहरातला. बायपास झाला की शहरातली जुनी लांबी एकदाच सुधारून राज्याकडे द्यायची, हे केंद्राचे धोरण आहे. ही एकवेळची सुधारणा आणि प्रत्यक्ष हस्तांतर यांच्या मधल्या काळात खर्च करायचा कोणी, हे लेखी ठरलेले नसले तर दोन पावसाळे तसेच जातात.

दुसरा सांधा उभा आहे. दुमजली पुलापाशी मेट्रोचा मजला, महामार्गाचा मजला आणि जमिनीवरचा रस्ता असे तीन थर येतात. वरच्या पुलाचे पाणी नळांनी खाली येते. तो नळ तुंबला की पाणी थेट खालच्या डांबरावर कोसळते आणि तेवढ्याच जागी खडी सुटते. नळ एका यंत्रणेचा, नाली दुसरीची, डांबर तिसरीचे. यावर एकच इलाज आहे: प्रत्येक खांबाचा क्रमांक, त्यावरचा नळ, खालचे चेंबर आणि जबाबदार यंत्रणा यांचा एक तक्ता करून तिन्हींनी सह्या करायच्या आणि मे महिन्यात संयुक्त पाहणी करायची.

तिसरा सांधा सर्व्हिस रोड आणि भुयारी मार्गांचा. महामार्गाची नाली शेवटी गावाच्या नाल्याला मिळते. तो नाला कोणी बुजवून भूखंड पाडले असतील तर महामार्गाची नाली कितीही साफ करा, पाणी भुयारी मार्गातच साचणार. 2002 च्या कायद्याचे अधिकार महामार्गाच्या हद्दीपर्यंतच. पुढे ग्रामपंचायत, नगर परिषद किंवा महसूल खाते लागते.

चौथा सांधा कामाच्या तारखांचा. रुंदीकरणाचा ठेका दिला जातो, पण जमीन हातात येईपर्यंत नियत तारीख, म्हणजे करार प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख, लागत नाही. हायब्रिड ॲन्युइटीत साधारण 80 टक्के जमीन ताब्यात असावी लागते. नियत तारखेनंतर जुना रस्ता सांभाळणे ठेकेदाराचे काम, त्याआधी प्राधिकरणाचे. या मधल्या काळासाठी एक-दोन वर्षांचे छोटे देखभाल ठेके असतात. हा ठेका एप्रिलपर्यंत दिला गेला नाही तर तो पावसाळा वाया गेला असे समजावे. पाच-सात वर्षांचे कामगिरीवर आधारित ठेके यापेक्षा बरे, कारण त्यांत पैसा रस्त्याच्या अवस्थेवर मिळतो.

मनसर ते खवासा हा पेंचच्या जंगलातला भाग वेगळा सांगायला हवा. वन्यजीवांसाठी तिथे नऊ रचना उभ्या आहेत, सगळ्यात लांब 750 मीटरची. प्राणी त्यांखालून जातात हे कॅमेऱ्यांनी दाखवले आहे. देखभालीच्या परिशिष्टात मात्र पूल म्हणजे बेअरिंग, जोड, कठडे. पुलाखालची जमीन मोकळी आहे का, तिथे ट्रक उभे राहतात का, प्लास्टिक साचले आहे का, याला मुदत नाही. वन विभागाची मासिक नोंद स्वतंत्र अभियंत्याच्या अहवालाला जोडली तर हे साधेल.

सवलत संपेल तेव्हा

नमुना करारात सवलत संपल्यावरचा दोष-दायित्व काळ, म्हणजे निघालेला दोष सवलतधारकाने दुरुस्त करायचा काळ, 120 दिवसांचा आहे, आणि त्यासाठी आधीच्या वर्षीच्या टोलचे 5 टक्के एस्क्रोत राखून ठेवतात. एप्रिलमध्ये रस्ता परत आला तर हे 120 दिवस जुलैअखेर भरतात. नागपूरचा निम्मा पाऊस तेव्हा बाकी असतो आणि काळ्या मातीची भेग तर डिसेंबरशिवाय दिसतच नाही. म्हणजे इथला मुख्य दोष उघडा पडण्याआधीच राखीव रक्कम मोकळी होते.

म्हणून तपासणी आधीच्या हिवाळ्यात व्हायला हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, माती ओली असताना, पडत्या वजनाच्या यंत्राने भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजावे, रस्ते काँग्रेसच्या 115 क्रमांकाच्या संहितेप्रमाणे. जानेवारीत कडेच्या भेगांची पायी पाहणी करावी आणि प्रत्येक मोरी आत वाकून बघावी. निष्कर्ष 100 मीटरच्या तुकड्यांनी लिहावेत, जुने आणि नवे दोन्ही किलोमीटर देऊन. मग फेब्रुवारी ते मे हे चार महिने दुरुस्तीला मिळतात आणि ती सवलतधारकाच्याच खर्चाने होते. 117 किलोमीटरच्या चारही मार्गिकांची अशी मोजणी एका यंत्राने काही आठवड्यांत होते. तिचा खर्च एका किलोमीटरच्या नव्या थरापेक्षा कमी असतो.